दत्तप्रसाद सरांची चाई

"आमच्या घराण्यात टक्कल नाही, शंभू! आजोबा नव्वदीला गेले ते खिशात कंगवा ठेवून," दत्तप्रसाद सर हडपसरच्या सलूनमध्ये ऐटीत म्हणाले.

"ते ठीक हाय सर, पण मागं रुपयाएवढी चाई पडलीय."

"आणि हे आज सांगतोस?"

"मागच्या खेपेलाच आरसा धरून दाखवली की. तुम्ही बघितलं न बघितलंसं केलं आणि म्हणालात, 'छान!'"

सर शाळेत गाणं शिकवायचे. तीन आठवड्यांवर समूहगीत स्पर्धा आलेली. त्यात सरांनी मुलांकडे तोंड करून हातवारे करायचे, म्हणजे सरांची पाठ आणि चाई थेट परीक्षकांपुढे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इंजेक्शनं देता येतील. पण एवढीशी चाई बऱ्याचदा आपोआपही भरते. ठरवा तुम्ही."

"स्पर्धेआधी भरेल?"

"केसांना तुमची तारीख कळवलेली नाही."

सरांनी दोन दिवस विचार केला आणि जाहीर केलं, "इंजेक्शन नाही, टोपी नाही. माझं डोकं आहे, बघू देत लोकांना."

"बघू देत," आई, इंदुबाई, म्हणाल्या. "पण कांद्याचा रस लावल्याशिवाय नाही."

आईपुढे सरांचं कधीच चाललं नव्हतं. स्पर्धेच्या दिवशी तर इंदुबाई विंगेतच कांदा आणि किसणी घेऊन हजर! सरांच्या डोक्यावर रस निथळत असतानाच शाळेचं नाव पुकारलं गेलं.

स्टेजवरचा पंखा सरांच्या डोक्यावरून वारा घेऊन थेट परीक्षकांच्या तोंडावर सोडत होता. पहिल्या कडव्याला एका परीक्षकांनी रुमाल काढला. दुसऱ्या कडव्याला तिघेही डोळे पुसत होते. निकाल सांगताना मुख्य परीक्षकांचा गळा दाटून आला होता. "असं काळजाला भिडणारं गाणं बऱ्याच वर्षांत ऐकलं नाही. पहिला क्रमांक!"

चाईबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दिसलंच कुणाला होतं?

बक्षीस समारंभाच्या सकाळी सर छाती काढून सलूनमध्ये शिरले. "आज नीट बघणार हं, शंभू. लव आलीय म्हणे."

"आलीय ना. मशीन फिरवून होऊ द्या, मग दाखवतो."

सरांना कुठला धीर? मशीन चालू असतानाच "आरसा, आरसा!" करत त्यांनी मान वळवली.

चाईवरून आरपार चार बोटं लांबीचा पट्टा पडला. उगवलेली लवही त्यातच गेली.