डावीकडून अर्धा इंच

टेलरमास्तरांनी गठ्ठ्याची गाठ सोडली नाही, सरळ कात्रीनं कापली. बारा निळ्या जर्स्या टेबलावर सांडल्या. ओव्हरलॉक मशीनवरच्या मावशींनी चष्म्यावरून पाहिलं आणि पायाखालचं पॅडल सोडलं.

“अगंबाई! तारांगण आपल्याकडे?”

“घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं,” मास्तर म्हणाले.

तारांगण हे काही त्या टीमचं खरं नाव नव्हे, ते या दुकानानं ठेवलेलं. एकाच हंगामात पाच नामांकित खेळाडू गोळा करून बांधलेली बास्केटबॉलची टीम, आणि शेवटच्या अकरा मॅचपैकी सात हरलेली. रविवारी त्यांची शेवटची मॅच, तीही आपल्या टीमशी. जिंकले तर प्लेऑफमध्ये, हरले तर घरी. आपली टीम केव्हाच आत पोचली होती, पण शेजारच्याला बाहेर बसवण्याची मजा कोण सोडतो? आपल्या टीमचे कपडे नऊ वर्षं याच दुकानात शिवले जात होते. तारांगणाचे दुसरीकडे जायचे. आज पहिल्यांदाच इथे आले होते.

आणि तारांगणातला चौदा नंबर म्हणजे मास्तरांचा सख्खा धाकटा भाऊ.

“मुद्दाम पाठवलेत,” मास्तर एकेक जर्सी उलगडत पुटपुटले. “मोठ्या भावानं उसवलेलं शिवत बसावं म्हणून.”

“तुम्हाला त्याचं काहीच गोड लागत नाही,” इस्त्रीवाला म्हणाला. वाफेच्या इस्त्रीनं तो आपल्या टीमच्या जर्स्यांवरचे आकडे दाबून बसवत होता. “पण मी सांगतो, रविवारी तेच जिंकणार. पाचातले दोघं जरी चालले तरी पुरे.”

“बारभाईंची खेती, काय लागेल हाती!” मावशी म्हणाल्या. “प्रत्येकाला वाटतं बॉल मलाच द्या. परवा बघितलंस ना? दोघं एकाच पासवर धावले नि तिसऱ्याच्याच अंगावर पडले.”

“पण चौदा नंबर आहे ना. तो एकटा तारून नेईल.”

“एकटा? महिनाभरात एकदा तरी घुसलाय का तो आत? लांबनं बॉल टाकतो अन् मोकळा होतो. डोक्यात हवा गेलीय, दुसरं काय.”

दाराजवळच्या स्टुलावर आपल्या टीमचा सामानवाला चहा पीत बसला होता. खेळाडूंचे कपडे, बूट, बाटल्या सगळं त्याच्या ताब्यात असे. तयार जर्स्या न्यायला आला होता. तो फारसा बोलत नसे, नुसता ऐकायचा.

मास्तरांच्या हातात चौदा नंबर आला. त्याला चिठ्ठी टाचलेली होती. डावीकडून अर्धा इंच सैल करा.

“घ्या! पोट सुटलं साहेबांचं,” ते मोठ्यानं म्हणाले. सगळे हसले. मास्तरांना फार बरं वाटलं.

त्यांना बरं वाटायला हल्ली एवढंसं पुरत असे. घरी आईच्या खोलीत पलंगासमोरची भिंत धाकट्याच्या फोटोंनी भरली होती. वर्तमानपत्र आलं की आई आधी कात्री मागायची, मग चहा. मास्तरांची चांगली कात्री त्यात बोथट झाली. मागच्या अंगणात बादलीची कडी भिंतीला ठोकून धाकट्याला पहिला बॉल कुणी टाकायला शिकवला, हे त्या भिंतीवर कुठेच नव्हतं. शाळेच्या टीमचे कप्तान मास्तर होते. मग सोळाव्या वर्षी त्यांची उंची थांबली, आणि धाकट्याची थांबता थांबेना. शिकवलं एकानं, वाढला दुसरा. यात धाकट्याचा काही दोष नाही हे मास्तरांना कळत होतं. कळून उपयोग काय? पोटात जळायचं ते जळायचंच.

अर्धा इंच सोडायचा म्हणून त्यांनी जर्सी उलटी केली आणि थांबले.

डाव्या कुशीला आतून तीन पट्टे उमटले होते, बोटभर रुंद, एकाखाली एक. धुऊनही न गेलेला गोंद, त्यावर कापसाचा काळपट मळ बसलेला. अंगाला लावायच्या चिकटपट्टीचा गोंद असाच राहतो, साबणाला दाद देत नाही. मास्तरांनी कापड नाकाशी नेलं. मलमाचा वास येत होता. त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. सैल फक्त डावीकडून करायचं होतं. पोट एकाच बाजूनं सुटत नाही.

त्यांनी जर्सी घडी करून मांडीवर ठेवली. बोलायचं नाही, असा या धंद्यातला त्यांचा नियम होता. कुणाची कंबर वाढली, कुणाचा खांदा पडला, हे टेप आणि मास्तर यांच्यातच राहायचं.

“तो आत घुसत नाही, कारण त्याला गरज नाही,” इस्त्रीवाल्याचं चालूच होतं. “रविवारी बघा, डावीकडून अशी उडी घेईल की आपल्यांची तोंडं उघडी राहतील.”

“नाही घेणार,” मास्तर म्हणाले.

“का हो?”

“मी सांगतो म्हणून.”

“तुम्ही!” इस्त्रीवाला हसला. त्याच्या मनात काही नव्हतं, बिचारा रोजच्यासारखी थट्टा करत होता. “मास्तर, कापडातलं तुम्ही सांगा, आम्ही मान डोलावू. पण बास्केटबॉलमधलं तुम्हाला काय कळतं? जन्मात कधी हातात बॉल तरी धरलाय का?”

मावशीही हसल्या. सामानवाल्यानं कपाच्या आडून हसू लपवलं.

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“ये इकडे,” ते म्हणाले. “ये, बघ. हे काय आहे? पट्ट्या आहेत. तीन. बरगडी गेलीय त्याची डावी. महिनाभर गेलीय. डोक्यात हवाबिवा काही नाही, त्याला हात वर घेताना श्वास घेववत नसेल. डावीकडून उडी म्हणे! नुसता कोपर लागला तरी खाली बसेल तो. त्याचा पाय कुठे पडतो, हात कुठून सुटतो, हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार? मी शिकवलंय त्याला. मी!”

इस्त्री स्टँडवर ठेवली गेली. सामानवाला उठून टेबलापाशी आला, वाकला, मधल्या पट्ट्यावरून त्यानं अंगठा फिरवला.

“बरगडी,” तो म्हणाला. “डावी.”

“हो, डावी.”

“बरं झालं कळलं.”

त्यानं उरलेला चहा तसाच ठेवला आणि बाहेर पडला. न्यायला आलेल्या जर्स्या तिथेच राहिल्या. मावशींनी त्याला हाक मारायला तोंड उघडलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि मिटलं.

“शिकवलं होतंत तुम्ही त्याला?” इस्त्रीवाला हळूच म्हणाला. “कधी बोलला नाहीत.”

क्षणभर मास्तरांचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत कुणीतरी विचारलं होतं. ते सांगायला लागणार, तेवढ्यात फोन वाजला.

“दादा, गठ्ठा आला?” धाकट्याचा आवाज.

“आला.”

“चौदा नंबर तूच कर हं. मावशींकडेसुद्धा देऊ नकोस. आमचा नेहमीचा टेलर म्हणजे गावभर दवंडी. म्हणून मॅनेजरच्या मागे लागून सगळाच गठ्ठा तुझ्याकडे वळवला. एकटी माझी आली असती तर शंका आली असती कुणाला.” तो थांबून थांबून बोलत होता. “बघितलंस ना तू आतून?”

“बघितलं.”

“आईला बोलू नकोस. चार दिवसांचा प्रश्न आहे. समोरच्या टीमला नुसता वास लागला तरी ते सारखे तिथंच धडकतील. मी असतो तर मीही तेच केलं असतं, तूच शिकवलंस, दुखऱ्या बाजूनं जायचं.” मग जरा खालच्या आवाजात, “तिथं कुणी पाहिलं नाही ना, दादा?”

काचेपलीकडे, रस्त्याच्या त्या बाजूला, सामानवाला स्कूटरला टेकून उभा होता. एका हातानं फोन कानाला लावलेला. बोलता बोलता दुसरा हात त्यानं स्वतःच्या डाव्या बरगडीवर ठेवून दाखवला, जणू पलीकडच्याला दिसणार होता.

मावशी आणि इस्त्रीवाला, दोघंही मास्तरांकडे बघत होते.

“नाही,” मास्तर म्हणाले. “कुणीच नाही.”

“मग जिंकलोच म्हणून समज!” धाकटा हसला, आणि हसता हसता मध्येच कळ येऊन थांबला.