चार दिवसांसाठी अकोल्याला

पोतडी उसवली ती नेमकी मूर्तिजापूरच्या फलाटावर. शिवण एका बाजूने सुटली आणि वाडीतली संत्री घरंगळत चौफेर पळाली. काही बाकाखाली, काही हमालांच्या पायांत, तर दोन-तीन थेट रुळांकडे. सत्यवतीच्या कडेवर तीन वर्षांची रुखी होती, खांद्याला गाठोडं होतं आणि डोक्यावरून घसरलेला पदर दातांत धरलेला. तिने वळून पाहिलं तर आठ वर्षांची अनसूया एका संत्र्याच्या मागे फलाटाच्या पार कडेला पोचली होती. भुसावळकडे जाणारी मोठी गाडी शिट्टी देत आत शिरत होती.

"अनसू! अवं पोट्टे, सोड ते!"

अनसूया वाकलीच होती. तेवढ्यात बुरख्यातली एक बाई पुढे झाली आणि तिने पोरीचा दंड धरून मागे ओढलं. इंजिन धापा टाकत समोरून गेलं.

"संत्रे के वास्ते जान देती क्या, छोकरी?" बाई ओरडली आणि मग सत्यवतीकडे वळून म्हणाली, "चला, चला. आधी चढा. गाडी थोडीच थांबते?"

तिनेच उरलेली संत्री ओंजळीने गोळा करून पोतडीत कोंबली, उसवलेल्या तोंडाला गाठ मारली आणि सगळ्यांना जनाना डब्यात ढकललं. आयशाबी तिचं नाव. सत्यवतीसारखीच तीही अचलपूरची निघाली. सकाळी अचलपूरहून येणाऱ्या छोट्या गाडीनेच मूर्तिजापूरला आली होती आणि बाळापूरला लेकीकडे चालली होती. गाडी हलल्यावर तिने घाम पुसला, रुखीच्या गालाला बोट लावलं आणि विचारलं, "दोनों तुमारीच हैं क्या?"

"हो. माह्याच."

अनसूया खिडकीपाशी संत्रं सोलत बसली होती. मान न उचलता ती म्हणाली, "रुखी तिची हाय. मी नाई. आमची माय अकोल्यालेच वारली. हे मावशी हाय."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. पुढचं स्टेशन कोणतं ते सांगावं तसं तिने सांगितलं. आयशाबीने "अल्ला" म्हणून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सत्यवती बाहेरची उन्हं पाहत राहिली.

खोटं काहीच नव्हतं त्यात. सावत्र आईला ती पहिल्यापासून मावशीच म्हणत आली होती. सतराव्या वर्षी ती किसनरावच्या घरात आली तेव्हा रुखी आठ महिन्यांची होती. पहिल्याच संध्याकाळी तिने सत्यवतीच्या कोऱ्या लुगड्यावर दूध ओकलं आणि त्याच लुगड्याला तोंड घासून झोपली. तिला बोलायला आलं तेव्हा "माय" हा पहिला शब्द तिने सत्यवतीलाच दिला. अनसूयेने तो कधी दिला नाही. मुलगी गुणाची होती. सांगितलेलं ऐके, ताटात पडलेलं खाई, वेणी घालताना हूं की चूं करत नसे. सत्यवतीनेही दुजाभाव केला नव्हता. दोघींना एकाच पातेल्यातलं वाढलं, एकाच ठाणातून परकर शिवले. पण मांडी एकच असते, आणि तिच्यावर रुखी बसलेली असे. अनसूया कधी मांडीपाशी आली नाही. सत्यवतीनेही तिला कधी ओढून घेतलं नाही.

काटेपूर्णा स्टेशन गेलं. अनसूयेने संत्र्याच्या दोन फोडी रुखीच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "खा. आता मले कवा भेटशीन काय माईत."

"काऊन वं? कोठी चालली ते?" सत्यवतीने हसून विचारलं.

"रुखी आता आजीपाशीच राहनार हाय ना."

"कोन म्हनलं?"

"बाबा सांगून राहिले होते आत्याले. तुले पोरगं झालं का मंग रुखीची आबाळ व्हते म्हने. आजीनंच मांगतली तिले." मग सत्यवतीचा चेहरा पाहून ती गडबडली. "तुले नाई सांगतलं?"

सत्यवतीने मांडीवरचं गाठोडं सोडलं. सकाळी किसनरावने ते स्वतः बांधून दिलं होतं. लग्नानंतरच्या सव्वादोन वर्षांत या माणसाने कधी कपड्याची घडी घातली नव्हती, तेव्हा तिला वाटलं होतं, पोटुशी बायको म्हणून माया करतो आहे. आत तिचं एक लुगडं होतं, अनसूयेचे दोन परकर होते आणि त्यांच्याखाली रुखीचं सगळंच होतं. झबली, दुपटी, चांदीचा वाळा, आणि चैत्राच्या त्या उन्हात लोकरीची कानटोपीसुद्धा.

पंधराच दिवसांपूर्वी तिने त्याला दिवस गेल्याचं सांगितलं होतं. तो हसला होता. वाडीतल्या वांग्यांची तोड आहे, म्हणून तो स्वतः आला नव्हता. "चार दिवस राहून ये. म्हातारीले बरं वाटन," एवढंच म्हणाला होता.

आयशाबीने सगळं ऐकलं होतं. अकोला आल्यावर तिने पोतडी खाली उतरवून दिली आणि जाता जाता सत्यवतीचा हात एकदा घट्ट दाबला.

माणिकबाई फलाटावर उभ्या होत्या. उंच, वाळलेल्या, अंगाला मोगऱ्याचा वास. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. जुन्या शहरात राजेश्वराच्या देवळापाशी हार विकून त्यांनी एकुलती एक लेक, नर्मदी, वाढवली, तिचं लग्न लावून दिलं, आणि ती लेक दुसऱ्या बाळंतपणाला म्हणून आली ती त्याच घरातून गेली. त्यांनी रुखीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "नर्मदीच हाय," त्या म्हणाल्या. रुखीने भोकाड पसरलं आणि सत्यवतीच्या मानेत तोंड लपवलं.

टांगा मोर्णा नदीचा पूल ओलांडून घरी पोचला. पहिले दोन दिवस माणिकबाई सत्यवतीशी कामापुरतंच बोलल्या. रुखीसाठी त्यांनी काय काय करून ठेवलं होतं! रवाळ लाडू, चिंध्यांची बाहुली, अंगणात दोरीचा झोका. रुखी लाडू घेई, बाहुली घेई आणि पळत सत्यवतीकडे येई. अनसूयेला मात्र त्या घरात काही शोधावं लागलं नाही. माय गेल्यावरचे आठ महिने तीही इथेच होती. सुया कोणत्या कोनाड्यात असतात, मागच्या दाराची कडी कशी उचलून सरकवायची, सगळं तिला ठाऊक होतं. आल्या दिवसापासून ती आजीच्या शेजारी बसून मोगऱ्याच्या कळ्या ओवू लागली, आणि ओवता ओवता गुणगुणूही लागली. सत्यवतीने तिला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी रुखी झोक्यावरून पडली. हनुवटी फुटली, परकराचा पुढा रक्ताने भिजला. माणिकबाई जवळ होत्या. त्यांनी धावत जाऊन तिला उचललं. पण ती "माय, माय" करत त्यांच्या हातांतून निसटून, ठेचकाळत घरात सत्यवतीकडे गेली. सत्यवतीने हळद दाबली, पदराने रक्त पुसलं, मांडीवर थोपटलं. माणिकबाई दारात उभ्या होत्या. रिकामे हात अजून तसेच पुढे धरलेले.

रुखी झोपल्यावर दोघी ओट्यावर फुलं घेऊन बसल्या. अनसूया उंबऱ्यावर होती.

"आठ मयने बकरीचं दूध पाजून वाढवली म्या तिले," माणिकबाई म्हणाल्या. "तवा माह्या अंगावरून उतरत नव्हती. आता वळखत नाई."

"लहान हाय ते."

"किसनरावाची चिठ्ठी आली होती. गल्लीतल्या मास्तरानं वाचून दाखवली. रुखीले ठेवून घे म्हने तो. तू तिले ठेवालेच आली ना?"

"मले कोनी सांगतलं नाई, बाई. गाडीत समजलं. तेबी पोरीच्या तोंडून."

माणिकबाईंचा हात थांबला. ओवता हार त्यांनी मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजे म्या काय चोरून घेऊन राहिली का पोट्टी? तुले इचारलंच नाई?"

"नाई."

"मंग आता म्या इचारतो. तू सांग. तू म्हनशीन तसं."

सत्यवतीने ठरवलं होतं की रडायचं नाही. ती म्हणाली, "माह्या पोटी काय येईन ते येवो, बाई. रुखीले सोडून म्या जानार नाई."

"बरं."

एवढंच म्हणून माणिकबाई पुन्हा ओवू लागल्या. सुई कळीतून न जाता बोटात गेली. त्यांनी बोट तोंडात धरलं, लुगड्याला पुसलं आणि पुढची कळी उचलली. उंबऱ्यावरची अनसूया कधी उठून आत गेली ते दोघींनाही कळलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी टांगा दाराशी आला. सत्यवती रुखीला घेऊन चढली. माणिकबाईंनी भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला, उसवलेली पोतडीही त्यांनी शिवली होती. अनसूया मात्र ओट्यावरून हलली नाही.

"चाल वं, अनसू. गाडी जाईन."

"मी राहीन आजीपाशी."

माणिकबाई चमकल्या. "काय बोलून राहिली? तुह्या बाले म्या काय सांगू?"

"बाबांनी एकजन देतो म्हनलं हाय ना? मंग मी राहीन." अनसूया आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होती. "रुखी लहान हाय. ते रडते. मले हार करता येते."

सत्यवतीने तोंड उघडलं. नाही, असं काही नसतं, उठ, चढ आधी. एवढंच म्हणायचं होतं. पण छातीवर चार दिवस ठेवलेला दगड त्याच क्षणी कुणीतरी उचलून घेतला होता आणि तिला आधी श्वास घ्यावासा वाटला. मांडीवरची रुखी आता कुणी मागणार नव्हतं. टांगेवाल्याने लगाम सारखे केले, घोड्याने मान हलवली. तेवढाच वेळ. पुढे आयुष्यभर तिने तो वेळ मोजला.

"अनसू, असं नको करू. चाल," ती म्हणाली तेव्हा अनसूया टांग्यातलं गाठोडं घेऊन आतही गेली होती. तिने आपले दोन परकर काढून घेतले, बाकीचं पुन्हा नीट बांधलं, आणून सत्यवतीच्या पायाशी ठेवलं. सत्यवती खाली उतरू लागली तशी ती दोन पावलं मागे सरून आजीला टेकली. माणिकबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाय तू," माणिकबाई म्हणाल्या. "रुखी उपाशी हाय, तिले गाडीत चार घास दे. हिले करमलं नाई तं म्या सोताहून आनून घालीन."

परतीच्या छोट्या गाडीत बनोसा स्टेशन येईपर्यंत रुखी विचारत होती, "अनसू कुठी?" मग ती झोपली. सत्यवतीला हवं होतं ते तिच्या मांडीवर होतं, आणि ती पदर तोंडाशी धरून रडत होती. ज्या मुलीने तिला कधी माय म्हटलं नाही, तिने आईलाही सुचलं नसतं ते केलं होतं. समोरच्या बाकावर एक माणूस बसेल एवढी जागा रिकामी होती.

किसनराव स्टेशनवर बैलगाडी घेऊन आला होता. रुखीला पाहून त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटकाच दिसली. मग त्याने सत्यवतीच्या मागे डब्याकडे पाहिलं.

"अनसू?"

"राह्यली ते. आपल्या मनानं."

"म्या तं लहानीचं म्हनलं होतं."

"मले नव्हतं म्हनलं," सत्यवती म्हणाली.

त्याने बैल जुंपले. गाडी बिच्छन नदीच्या काठच्या वाडीकडे निघाली. त्या संध्याकाळी त्याने मोट धरली नाही. विहिरीपाशी बैलांच्या धावेवर एकटा बसून राहिला.

माणिकबाईंनी अनसूयेला आणून घातलं नाही, कारण तिला करमलं. आश्विनात सत्यवतीला मुलगा झाला. किसनराव दोनदा अकोल्याला गेला आणि दोनदा एकटाच परत आला. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला मात्र माणिकबाईच तिला घेऊन आल्या. अनसूया वीतभर उंच झाली होती. नवा परकर, घट्ट वेणी, बोटांच्या टोकांना सुईचे बारीक काळे ठिपके. तिने रुखीला काचेच्या बांगड्या आणल्या होत्या. वर्षभराच्या भावाला तिने कडेवर घेतलं, खेळवलं, त्याचं नाक पुसलं. सत्यवतीने करंज्यांचं ताट पुढे केलं तेव्हा एकच उचलली. आणखी घे म्हटलं तर म्हणाली, "पुरे झालं, मावशी."

मग भावाला खाली ठेवून ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली. रांजण तिथेच होता, याच घरात जन्मल्यापासून ती पाहत आली होती तिथे. ती दाराबाहेर थांबली.

"मावशी, पानी घेऊ का?"

सत्यवतीच्या हातातला झारा कढईत तसाच राहिला. "घे ना," ती म्हणाली.

अनसूया आत आली. तिने रांजणातून पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायलं, फुलपात्र विसळलं, आणि होतं त्याच जागी नीट पालथं घालून ठेवलं.