उघडेनाशी झालेली पत्रे

मी एक जुना ई-मेल प्रोग्राम आहे, पत्रांना कुलूप लावणारा. मित्रांनो, तुम्हाला मला हातात घेऊन पाहता येणार नाही. चष्म्याच्या एका दुकानात, मागच्या खोलीतल्या संगणकात मी राहतो. कोणी पत्र लिहिले की मी त्याला कुलूप घालतो, आणि ज्याच्या नावाचे आहे त्याच्याकडेच ते उघडते. वाटेत कोणी डोकावलेच, तर त्याला अक्षरांचा नुसता भुसा दिसतो.

मला चार मित्रांनी मिळून घडवले. पुढे त्यांची कंपनी झाली आणि माझ्या तीन योजना निघाल्या : फुकटची, मधली आणि मोठी. कुलूप तिन्हींचे सारखेच. फरक फक्त जागेचा आणि सोयीचा. पैसे भरणाऱ्यांना ऐसपैस जागा मिळे, अडल्यास विचारायला माणूस मिळे आणि माझी नवी आवृत्ती आपोआप येऊन बसे. फुकटवाल्यांना छोटासा कप्पा. नवी आवृत्तीही त्यांनी स्वतः बटण दाबून घ्यायची. मी फुकटातला.

या दुकानात मला दुकानाचे मालक नाना यांच्या मुलीने आणले. तिचा नवरा तिला फार छळायचा. शेवटी एक दिवस ती दूरच्या शहरात निघाली आणि जाता जाता दुकानात आली.

"नाना, मला फोन करू नका," ती म्हणाली. "तो येईल, गोड बोलेल आणि तुमचा फोन चाळेल. मला यातूनच लिहा."

"मला जमेल का गं हे?"

"चष्म्याचा एवढासा स्क्रू बसवता, मग हे काय अवघड! आणि फुकटचंच ठेवा हं. पैसे भरलेत की कुठेतरी नाव लागतं. त्याच्या हाती काय पडेल, नेम नाही."

जावई खरेच आला. खुर्चीत बसून गोड बोलला, नानांचा फोन वरखाली करून पाहिला आणि हात हलवत परत गेला. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

मग पत्रे येऊ लागली. मुलीला छापखान्यात काम मिळाले. 'नाना, आज खोलीला पडदे लावले. आता घर वाटतंय,' असे तिने लिहिले, तेव्हा नानांनी ते पत्र मोठ्याने वाचले. ऐकायला मी आणि भिंतीवरचे रिकामे चष्मे. कप्पा भरला की जुने पत्र पुसावे लागे. पुसण्याआधी ते एकदा पुन्हा वाचत, मग मान दुसरीकडे वळवून बटण दाबत.

हळूहळू मी मागे पडत चाललो. कंपनीने नवी, अधिक मजबूत कुलपे काढली आणि मी पडद्यावर चौकट दाखवू लागलो : 'नवी आवृत्ती घ्या.' पण कंपनीने त्याच चौकटीत, त्याहून ठळक अक्षरात, आणखी एक गोष्ट लिहिली होती : 'मोठ्या योजनेत या.' खाली कोपऱ्यात 'नंतर' असे तिसरे बटण होते. नानांना वाटले, नवी आवृत्ती म्हणजे पैसे. पैसे म्हणजे नाव. त्यांना मुलीचे शब्द आठवत आणि ते 'नंतर' दाबत. दर वेळी 'नंतर'. मी काय करणार? मला चौकट दाखवता येते, समजावता येत नाही.

आणि एक दिवस मुलीचे पत्र आले ते नव्या कुलपाचे. मी खूप धडपडलो, पण ते मला उघडेना. पडद्यावर फक्त तिचे नाव आणि 'कुलूप बदलले आहे' एवढेच दिसत होते. नानांनी पुन्हा पुन्हा बटण दाबले. मग स्वतः लिहिले, 'पत्र उघडत नाही, बाळा.' पण जुन्या कुलपाची पत्रे कंपनीने घेणेच बंद केले होते. नानांचे ते पत्र माझ्याकडेच पडून राहिले. मुलीचे दुसरे पत्र आले, मग तिसरे. नंतर काहीच आले नाही.

"रागावली असेल," नाना एकटेच बोलले. "मुद्दाम कुलूप बदललंन."

नाही हो नाना! पण ते त्यांना कोण सांगणार? ते गिऱ्हाइकांशी बोलेनासे झाले. जेवणाचा डबा तसाच परत न्यायचे. समोरासमोर बसून आम्ही दोघे एकटे होतो. तीन पत्रे माझ्या पोटात होती आणि माझाच त्यांना उपयोग नव्हता.

एके दुपारी बस चालवणाऱ्या एक बाई जवळचा चष्मा घ्यायला आल्या. मागच्या खोलीत नजर तपासायचा तक्ता वाचून संपल्यावर त्या म्हणाल्या, "नाना, तक्ता पाठ झालाय माझा. दुसरं काही वाचायला द्या." तेवढ्यात पडद्यावर माझी चौकट आली. बाई वाकल्या आणि वाचू लागल्या, "नवी आवृत्ती घ्या. मोठ्या योजनेत या. आणि खाली बारीक अक्षरात आहे, नवी आवृत्ती सर्व योजनांना मोफत."

"काय?" नानांनी आपला चष्मा कपाळावरून खाली ओढला. "पुन्हा वाचा."

"मोफत. योजना बदलण्याची गरज नाही."

नानांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग बाईंनी दाखवलेले बटण त्यांनी दाबले. मी नवा झालो आणि तिन्ही पत्रे एकदम उघडली.

'नाना, रविवारी एका दिवसासाठी येतेय. घरी नको, बसस्थानकावर भेटू.'

'तुम्ही आला नाहीत. शेवटच्या बसपर्यंत बसले होते.'

'नाना, तुम्ही बरे आहात ना? तेवढं एकच लिहा.'

तो रविवार केव्हाच होऊन गेला होता. बाई नानांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. नानांनी लिहिले, 'मी बरा आहे. पत्र आज वाचलं. मला माफ कर.' संध्याकाळच्या आत उत्तर आले : 'रडतेय, पण आनंदाने.'

पुढे कोर्टातून तिला घटस्फोट मिळाला, नवऱ्याची भीती उरली नाही आणि ती उघडपणे घरी आली. आता बापलेक एकाच ताटात वाढून घेतात. माझ्यातून पत्र कोण पाठवणार? मित्रांनो, मला त्याचे वाईट वाटत नाही. पण शांतता फार असते.

माणसाचे बोलणे जपणारी साधने जपा. 'नंतर' म्हणण्याआधी बारीक अक्षरही वाचा. आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी माझ्यासारखे काही घडवणार असेल, तर पैशाची मागणी आणि सुरक्षेची सूचना एका चौकटीत ठेवू नका. घाबरलेल्या माणसाला त्यातला फरक कळत नाही.

काल नानांनी मुलीला एकदम विचारले, "त्या रविवारी तू कुठे बसली होतीस?"

"जाऊ द्या ना, नाना."

"नाही. चल, मला ती जागा दाखव."

भर दुपारी त्यांनी दुकान बंद केले आणि ती दोघे बसस्थानकाकडे गेली. गडबडीत संगणक बंद करायचा राहून गेला. म्हणून तर तुमच्याशी एवढे बोलता आले.