घर विकल्या गेलं!

१९६४ सालची गोष्ट. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका लाकूड डेपोतले कारकून मोतीलाल यांनी आयुष्यातलं पहिलं घर घेतलं, ते विकण्यासाठीच! पडीक घर स्वस्तात मिळालं. वर्षभर खपून त्यांनी छपराचे कवेलू बदलले, मागची भिंत नव्यानं उभारली. आता नफा घेऊन मोकळं व्हायचं होतं.

गिऱ्हाईकही चांगलं आलं. खैरलांजीहून बदलून आलेले दुलीचंद गुरुजी. मोतीलालांनी सांगितलेली किंमत त्यांनी मान्य केली आणि निघताना म्हणाले, "आमी बौद्ध आहो. आधीच सांगतलेलं बरं."

संध्याकाळी त्या घराच्या शेजारचे भैयालाल आले. "मोतीलालजी, तुमी नफा घेऊन चालले जाल. इथं राहाचं आमाले हाय. त्यायले घर देऊ नका."

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले, तेव्हा मोतीलाल खाली मान घालून म्हणाले, "घर विकल्या गेलं, गुरुजी."

"बरं," एवढंच बोलून गुरुजी चालते झाले.

मोतीलालांचा जीव मात्र थाऱ्यावर राहिना. जेवण गोड लागेना. बायको दुर्गाबाई विचारत, तर मोतीलाल त्यांच्यावर खेकसत. शेवटी ते डेपोत न जाता त्या विकायच्या घरी गेले. मिस्त्री पुनाराम चुन्याचा शेवटचा हात मारत होता. मोतीलालांनी त्याला सारं सांगून टाकलं.

पुनारामनं कुंचा खाली ठेवला. "हे भिंत कोणं बांधली, भाऊ?"

"तुमीच."

"चुलीचा ओटा?"

"तुमीच."

"मीबी बौद्धच हाओ. साऱ्या मोहल्ल्याले ठाऊक हाय. तवा घर नाही बाटलं! माह्या हातचा ओटा चालते, मंग माह्या समाजाच्या बाईनं त्याच्यावर भाकर केली तर काहून नाही चालत?"

"पण मोहल्ला..."

"मोहल्ल्याचं राहू द्या. गुरुजीशी लबाड कोण बोललं?"

मोतीलालांनी सायकल काढली ती थेट शाळेत. गुरुजी घरच्यांकडे खैरलांजीला निघालेत असं तिथं कळलं, तसे ते बसस्टँडवर गेले. खैरलांजीची गाडी सुटायच्या बेतात होती. खिडकीशी गुरुजी दिसले.

"गुरुजी, उतरा! घर विकलं नाही. मी खोटं बोललो!"

सारे प्रवासी वळून पाहू लागले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "मले तवाच समजलं होतं. हे चौथं घर हाय. चारही एका रातीत विकल्या गेले!"

मोतीलालांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले. कंडक्टरनं घंटी दिली, तरी गुरुजी बसूनच होते. मग थैली उचलून ते उतरले.

"घेतो. पण किल्ली साऱ्यायसमोर द्या."

रविवारी मोतीलालांनी सगळ्या मोहल्ल्यासमोर किल्ली दिली. भैयालालांनी दार लावून घेतलं. काहीजण नुसते बघत राहिले. दुर्गाबाई मात्र पदर खोचून पुढे झाल्या आणि गुरुजींच्या पत्नी ललिताबाईंसोबत बैलगाडीतलं सामान उतरवू लागल्या. ते पाहून आणखी दोघी आल्या.

वाचकहो, ज्याचा घाम आपल्याला चालतो, त्याचा शेजार का चालू नये? असा प्रश्न आपल्या दारी आला, तर निदान खोटं बोलून त्या माणसाला परत पाठवू नका!