कंदील आणि शिट्टी

"कंदील नाय इझवनार मी," सोनूबाई म्हणाली. "जल्ला तुजा ब्लॅकआऊट! माजा पोर दर्याव हाय."

माहुल बंदराच्या पायरीवर दत्ताराम परब उभा होता. डोक्यावर नागरी संरक्षण दलाचं पांढरं हेल्मेट, गळ्यात शिट्टी. संपात गिरणीची नोकरी गेली तसा तो एका गोदामावर वॉचमन झाला, पण वॉर्डनचं काम त्याने सोडलं नव्हतं. त्यात पगार नव्हता, रुबाब मात्र होता. पोरं त्याला शिट्टीमामा म्हणत आणि तो रागावल्यासारखं करी.

चौऱ्याऐंशी साल सरत आलं होतं. लढाई झालीच तर शत्रूची विमानं आधी अणुभट्ट्यांवर येतील, असं पेपरात छापून येत होतं, आणि अणुभट्टीचा पांढरा घुमट तर माहुलच्या शेजारीच. म्हणून संध्याकाळी सात ते पावणेआठ सगळा भाग काळोखात ठेवायची तालीम होती. एक दिवा दिसला तरी वॉर्डनचा बिल्ला काढून घेऊ, असं साहेबांनी बजावलं होतं. गिरणी गेल्यावर दत्तारामकडे मिरवण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

घरची होडी बाहेर असली की सोनूबाई बंदरावरच्या खांबाला कंदील लावायची. त्याच्या रोखाने आलं की खडक चुकतो. एकाहत्तरच्या लढाईत, खऱ्याखुऱ्या ब्लॅकआऊटमध्ये, हाच कंदील दत्तारामने स्वतःच्या तोंडाने फुंकून विझवला होता. त्या काळोखात सोनूबाईचा नवरा तुळशीदास होडीसकट खडकावर गेला. होडीच्या फळ्या सकाळी सापडल्या, त्याचं प्रेत दुसऱ्या दिवशी. तिने दत्तारामला एका शब्दाने दोष दिला नाही. तेरा वर्षं ती त्याला मासळी विकत होती, तीही ताजी. बोलणं मात्र भाव सांगण्यापुरतं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"चंदर किती वाजता येणार?" त्याने विचारलं.

"भरती लागली. आता येल." मग ती हळूच म्हणाली, "एकदा इझवलास ना तू?"

सातला पाच मिनिटं होती. एकीकडे तो घुमट आणि त्याच्या भोवतीची सगळी वस्ती, दुसरीकडे हिचा एकुलता एक पोरगा. खरी विमानं आली तर कंदील दिसणारच, हेही त्याला कळत होतं.

"सोनूबाय, दिवा तर घालवायलाच लागेल," तो म्हणाला. "पण मी इथून हलत नाही. शिट्टी मारत राहतो. तू डबे बडव, बायकांना बोलव. उजेड नसला तर आवाजावर येईल तो. तेव्हा आपण दिवा घालवला आणि गप्प बसलो गं. तीच चूक झाली. माझी झाली."

तिने कंदील खाली उतरवला आणि स्वतःच्या हाताने वात खाली करून विझवला.

भोंगा झाला आणि माहुल काळोखात बुडालं. दत्ताराम गाल फुगवून शिट्टी मारू लागला. कोळणींनी रिकामे डबे, पराती, जे हाताला लागलं ते बडवायला घेतलं. शेजारची रत्नप्रभा तर पितळेचं घमेलं घेऊन आली. एवढा गोंगाट शिमग्यालाही होत नसेल. दहा मिनिटांत दिवे बंद केलेली जीप येऊन थांबली.

"परब! काय तमाशा चाललाय? लग्न आहे का इथं?"

"साहेब, एक तरी दिवा दिसतोय का बघा. हुकूम उजेडाचा होता, आवाजाचा नव्हता. होडी लागू दे, मग बिल्ला घ्या." एवढं बोलून त्याने शिट्टी पुन्हा तोंडात घातली.

साहेब काही बोलणार, तेवढ्यात पाण्यावरून हाक आली, "आयेऽ! कवरा गलका गो तुमचा! आलो मी!"

सोनूबाईच्या हातातला डबा गळून पडला. होडी पायरीला लागली तरी दत्ताराम शिट्टी वाजवतच होता. शेवटी चंदरने ती त्याच्या तोंडातून काढली, तेव्हा तो रडत होता हे सगळ्यांना कळलं.

साहेबांनी काळोखात एकदा चौफेर पाहिलं. "पुढची तालीम भरती बघून ठेवू," एवढंच म्हणून ते जीपमध्ये बसले. बिल्ला राहिला.

एकोणनव्वदच्या एक जानेवारीला दत्ताराम सकाळीच पेपर घेऊन बंदरावर आला. सोनूबाई जाळं सोडवत बसली होती.

"ऐक. दोन्ही देशांनी लिहून दिलंय. एकमेकांच्या अणुभट्ट्यांवर हल्ला करायचा नाही."

"खरा?"

"सह्या झाल्यात."

"पालतील?"

"ते मला काय माहीत? पण लिहिलं तर आहे. आजपर्यंत तेवढंही नव्हतं."

ती पुन्हा जाळ्याकडे वळली. संध्याकाळी चंदरची होडी बाहेर होती. दत्ताराम नेहमीसारखा चक्कर मारायला आला, तेव्हा तिने कंदिलाची काच वर केली आणि काड्यापेटी त्याच्यापुढे धरली.

"आज तू लाव."

पहिली काडी वाऱ्याने विझली. दुसरी ओढली, तेव्हा सोनूबाईने काच बोटांवर तोलली आणि मासळीचा वास असलेला आपला दुसरा हात त्याच्या हाताभोवती आडोशाला धरला.