शनिवारची देवघेव

लुमीरने रेडिओचे बटण फिरवून आवाज अगदी बारीक केला आणि मगच भिंतीवरचा फोन उचलला. तरी रेडिओवरची डार्लीन म्हणालीच.

"रेडिओ बारीक करा."

"केलाय गं पोरी. आधी तो करतो, मग तुला फोन करतो."

"अरे, लुमीर! आज काय आणलंय?" जसे काही तिला ठाऊकच नव्हते.

"अकॉर्डियन. बापाचं. सूर शाबूत." तो थांबला. "खोकं नाही."

विकणे आहे. मका सोलायचे यंत्र, चालते, पण शिव्या दिल्यावर.

हवा आहे. कोंबडा, शांत स्वभावाचा. आधीचा पोस्टमनच्या मागे लागायचा.

रेडिओवरच्या या 'देवघेव' कार्यक्रमाचा नियम साधा होता. वस्तू सांगायची, नंबर सांगायचा, फोन ठेवायचा. कुणाला निरोप नाही, वाढदिवस नाही, टोमणे तर नाहीतच. फोन करताना घरचा रेडिओ बारीक करायचा, नाहीतर स्वतःचाच आवाज उलटा येऊन साऱ्या तालुक्याच्या कानात शिट्टी वाजायची. डार्लीनच्या आधी तिचा बाप हा कार्यक्रम करायचा. तोही प्रत्येकाला पहिले वाक्य हेच म्हणायचा.

आणि दर शनिवारी लुमीरनंतर, दोन-तीन जण झाले की, यूजीनचा फोन यायचा.

"खोकं. अकॉर्डियनचं. आतून लाल मखमल, शाबूत. अकॉर्डियन नाही."

"नंबर?"

"ज्याला हवंय त्याला ठाऊक आहे."

नदीच्या अल्याड लुमीर, पल्याड, बापाच्याच घरात, यूजीन. सख्खे भाऊ. बापाला पुरून आले त्या दुपारी लुमीरने अकॉर्डियन काखेत मारले, कारण बापाने ते त्याला देऊ केले होते. यूजीन खोक्यावर जाऊन बसला.

"ऊठ."

"बाप शेवटी महिनाभर तुझं नाव घेत होता. तू कुठल्या नाचाच्या हॉलात पोल्का वाजवत होतास?"

लुमीर तसाच अकॉर्डियन घेऊन ट्रककडे चालू लागला. यूजीन उठला नाही. तेव्हापासून एक भाऊ शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला जातो, दुसरा रविवारी सकाळच्या. लोक हसायचे. धान्याच्या कोठारापाशी ट्रक लावून लोक विचारायचे, काय, जुळलं का खोकं? हसू दे. शनिवारी खोकं विकायला निघाले, म्हणजे यूजीन उठला, त्याने कॉफी घेतली, त्याचा खोकला बरा आहे. लुमीरला एवढे पुरायचे.

आजचा 'देवघेव'चा शेवटचा शनिवार.

हे डार्लीनने गेल्या आठवड्यात सांगितले होते, डुकरांचे भाव आणि मृत्यूच्या बातम्या यांच्या मधे, त्याच आवाजात. रेडिओ स्टेशन ज्यांनी विकत घेतले ते शहरातले. सोमवारपासून त्यांच्या शहरातल्या स्टेशनवर जी गिटारवरची कंट्री गाणी वाजतील, तीच त्याच वेळी इथेही वाजणार. इथे माणूस लागणार नाही. डार्लीनची बहीण कॅन्ससला राहते, तिकडे ती जाईल बहुतेक.

"खोकं नाही," फोनवर डार्लीनने त्याचेच शब्द परत म्हटले. "आणखी काही, लुमीर?"

त्याने यूजीनसाठी एक वाक्य तयार केले होते. सकाळी चुलीपुढे उभे राहून म्हणूनही पाहिले होते. पण साऱ्या तालुक्यातली स्वयंपाकघरे ऐकत होती.

"सूर शाबूत," लुमीर पुन्हा म्हणाला आणि फोन ठेवला.

मग तो रेडिओजवळ खुर्ची ओढून बसला. आवाज मोठा केला.

देणे आहे. मांजरीची पिल्ले. विचारू नका किती, मोजेपर्यंत वाढतात.

विकणे आहे. शिलाईचे यंत्र, बाईचे डोळे गेले म्हणून.

हवे आहे. 'कोलाच' म्हणजे खसखशीचे गोड पाव भाजायचे मोठे ताट. आमचे चर्चच्या जेवणाला गेले ते आलेच नाही. नेणाऱ्याला कळेल.

यूजीन नाही.

डार्लीनने एक पोल्का लावला. तो संपल्यावर दुसरा लावला, जे ती कधी करत नसे. लुमीरच्या बोटांनी गुडघ्यावर बटणे दाबली. पलंगाखाली, दोन गोधड्यांत गुंडाळलेल्या अकॉर्डियनचा भाता उंदरांनी केव्हाच कुरतडला होता. वस्तू खोक्यात नसली की असे होते.

"कुणी राहिलंय का?" डार्लीन म्हणाली. "हवामान सांगायचंय मला. पण ते काय, बाहेर दिसतंच आहे. कुणी राहिलंय?"

लुमीर उठला. खुंटीवरची टोपी घेतली. ट्रकची किल्ली टोपीतच होती. नदीवरचा पूल, मग डावीकडे खडीचा रस्ता. खोकला मागच्या शनिवारी जरा जास्त होता का?

रेडिओत कर्र्र झाले. मग एक लांब शिट्टी.

"रेडिओ बारीक करा!"

"करतोय, करतोय. बटण सापडेना." खोकला. "खोकं."

लुमीर टोपी हातात धरून उभा राहिला.

"अकॉर्डियनचं?" डार्लीनने विचारले.

"मग काय शवपेटी विकतोय मी? अकॉर्डियनचं. लाल मखमल. कडेला कुरतडलेली."

"यूजीन, आजवर तर शाबूत होती."

"आजवर मी तसं म्हणायचो. उंदीर आहेत इकडे. तिकडेही असतील."

डार्लीन हसली, आणि हसणे मधेच आवरले. "नंबर?"

ती विचारायचे म्हणून विचारत होती. पण या वेळी यूजीनने नंबर सांगितला. सावकाश, समोर कुणी पेन्सिल शोधत आहे असे समजून. पुन्हा एकदा सांगितला. दुसऱ्या वेळी आकड्यांना ठेका आला. जेवणाच्या टेबलावर बोटे वाजवत बापाने तो दोघांकडून असाच पाठ करून घेतला होता, दोघे हरवले तर घरी फोन करता यावा म्हणून.

लुमीरने लिहून घेतला नाही.

हवामान. कोरडे. वारा दक्षिणेचा.

रविवारी तो प्रार्थनेला गेला, परत आला, गोठ्याची कडी दुरुस्त केली, फोनकडे पाठ करून जेवला. एका दिवसात घाई कशाची.

सोमवारी सकाळी त्याने सवयीने रेडिओ लावला. कोण गेले ते नाही, डुकरांचे भाव नाहीत. एक तरुण मुलगा मैत्रीण सोडून गेल्याचे गात होता. गाणे छान होते, तसे म्हटले तर. नंतर एका बाईने हसत हसत सांगितले की पाऊस लागलाय, छत्री विसरू नका. लुमीरने खिडकीतून पाहिले. अंगणात धूळ उडत होती. पाऊस तिकडे त्यांच्या शहरात, ओमाहात होता.

पुढचे गाणे सुरू झाले. त्याने शनिवारचा विचार केला, मग त्याच्या पुढच्या शनिवारचा.

तो फोनपाशी गेला. बोटांनी आकडे ठेक्यात दाबले. बराच वेळ वाजत राहिला. मग उचलला गेला. पलीकडून तेच गाणे ऐकू येत होते, तीच गिटार, तोच मुलगा, मोठ्ठ्या आवाजात. त्यामागे खोकला.

लुमीरने हात लांब करून आपला रेडिओ बंद केला.

"रेडिओ बारीक कर," तो म्हणाला.

बटण शोधले जात असल्याचा आवाज आला. मग गाणे हळूहळू कमी होत गेले.