पान नसलेला दगड

मी दगड बोलतोय. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर एक जुनं कॅथेड्रल आहे, त्यातल्या एका खांबाचा माथा म्हणजे मी. हो, रागातच बोलतोय. दीडशे वर्षं तोंड मिटून बसलो, आता ऐकून घ्या.

टेकडी फोडून मला काढलं, तेव्हा या गावात धड रस्तेही नव्हते. पण लोकांना विलायतेत असतात तशाच उंच, टोकदार कमानी हव्या होत्या. तेव्हाची रीत अशी, की दगड नुसता चौकोनी घडवून खांबावर चढवायचा, वर कमान बांधायची आणि नक्षी मागाहून, जागेवरच कोरायची. शेजारच्या खांबांना पानं फुटली. माझी पाळी आली आणि पाथरवट छिन्नी टाकून सोनं शोधायला पळाला. समिती म्हणाली, "नंतर बघू."

दुसरा पाथरवट मिळाला, तर समितीतच जुंपली. निम्म्यांना विलायती ओकचं पान हवं, निम्म्यांना इथल्या नेच्याचं, म्हणजे फर्नचं. भांडणारे म्हातारे झाले, मेले, त्यांच्या जागी मुलं आली आणि तेच भांडण पुढे चालवू लागली. मनोरा उभा राहिला, घंटा आल्या, लग्नं लागली. मी कोराच! लोक माना वर करून बघायचे, तेही शेजारच्याकडे.

मग भूकंप झाला. मनोरा कोसळला. शेजारचे खांब तडकले, त्यांची पानं तुकडे होऊन जमिनीवर आली. माझा खांब उभा राहिला. डोक्यावरची कमान मी तसूभरही हलू दिली नाही. त्याचं बक्षीस काय मिळालं? मजबुतीकरणासाठी म्हणून कमान सोडवली, मला उतरवलं, तोंडावर लाल रंगाने आकडा मारला आणि शेडमध्ये नेऊन टाकलं. तिथे वर्षानुवर्षं धूळ खात पडलो.

गेल्या हिवाळ्यात नवी समिती पाहणीला आली. अध्यक्षबाईंनी माझ्यावरून हात फिरवला आणि हळहळल्या, "अरेरे, याची नक्षी पार झिजली!" लगेच ठरलं. वर ओकचं पान कोरलेली नवी प्रत बसवायची आणि मला बागेत बाक म्हणून ठेवायचं. बाक! लोकांनी माझ्यावर बसून सँडविच खायचं!

त्या घोळक्यात निवेदिता होती, बांधकामाची इंजिनियर, मूळची पुण्याची. बाकीचे गेले, ती मागे थांबली आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून मला निरखत राहिली. तेवढ्यात तिचा नवरा देवव्रत पायातल्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत तिचा डबा घेऊन आला.

"देव, इकडे बघ. टाकीचे घाव किती शार्प आहेत! झिजलंय कुठे? हा कधी कोरलाच नाहीये."

"मग सांग ना त्यांना, झकास होईल. स्वीट अ‍ॅज!"

"कसलं स्वीट अ‍ॅज? काय कोरायचं म्हणून पुन्हा हीप्स ऑफ मीटिंग्ज लावतील."

तसंच झालं. तिने सांगितलं, बाई क्षणभर ओशाळल्या आणि दुसऱ्याच मिनिटाला ओक की नेचा सुरू! आठवड्यांमागून आठवडे गेले. क्रेन नुसती उभी. शेवटी शेडमध्येच, माझ्यासमोर, कुणीतरी म्हणालं, "नंतर बघू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण निवेदिताच कडाडली, "पान ही सजावट आहे, ती तुम्ही ठरवा. कमान कशावर उभी राहणार, ते मी ठरवते. हा दगड मी तपासलाय. उद्या हा वर जातोय."

आणि मी गेलो.

आज मी माझ्या जागी आहे. डोक्यावर कमान आहे. तोंडावरचा लाल आकडा पुसायचंही कुणाला सुचलेलं नाही. खाली पानाची बैठक अजून चालूच आहे.

कधी आलात, तर शेजारच्या खांबांवर पुन्हा कोरलेली पानं खुशाल बघा, फोटो काढा. फक्त माझ्याखाली उभं राहून "बिचारा, अर्धवट राहिला" असं म्हणू नका. मी वर चढलो त्या दिवसापासून माझं काम करतोय. राहिलंय ते तुमचं.